पायाची सूज मोजणारं उपकरण बनवताय? आधी साधी टेप, सेन्सर सगळ्यात शेवटी

डिसेंबर-जानेवारी आला की बायोमेडिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनच्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात. "मॅडम, स्ट्रेच सेन्सर घेतलाय, ईएसपी३२ च्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडलाय, पण रीडिंग हलतंय, एकाच पायाचं सकाळी वेगळं आणि दुपारी वेगळं येतंय, कोडमध्ये काय बदलू?" बहुतेक वेळा कोडमध्ये काही बदलायचंच नसतं. पाय सकाळी आणि दुपारी खरंच वेगळा असतो, पट्टा दर वेळी वेगळ्या जागी बसतो, आणि तो किती ताणायचा हे कुणी ठरवलेलंच नसतं. सेन्सर बिचारा बरोबर सांगत असतो.

म्हणून हे पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढलंय. उदाहरण घेतलंय हत्तीपायाचं, गुडघ्याखालच्या पायाचं, कारण विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, वर्धा, भंडारा या भागात हत्तीरोगाचे पेशंट आहेत आणि औषध, पाय धुणं, बँडेज यानं पाय उतरतोय की नाही हे आकड्यात सांगणारं, पिशवीत मावणारं काहीतरी तिथे खरंच हवंय. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हात सुजतो त्याला पण हाच क्रम चालतो, फक्त जागा बदलतात.

थांबा: एकच पाय एकदम एक-दोन दिवसांत सुजला, पोटरी दुखतेय, लाल-गरम झालीय, ताप आहे किंवा धाप लागतेय, असा माणूस समोर आला तर मोजत बसू नका. शिरेत रक्ताची गाठ असू शकते, नाहीतर जंतुसंसर्ग. त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा. प्रोजेक्टला दुसरा पाय मिळेल.

टप्पा १: काय मोजायचंय ते एका वाक्यात लिहा

"सूज मोजायची" हे वाक्य अर्धवट आहे. सूज म्हणजे घेर वाढणं, आयतन (म्हणजे घनफळ) वाढणं, की आत साठलेलं पाणी? नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून उचला, खड्डा राहिला तर आत मोकळं पाणी जास्त आहे. जुन्या हत्तीपायात खड्डा पडतच नाही कारण आतला भाग घट्ट झालेला असतो, तरी घेर प्रचंड असतो. म्हणजे दोन पायांचा घेर सारखा आणि आतली गोष्ट पूर्ण वेगळी असू शकते. एक उपकरण हे सगळं सांगणार नाही. एक निवडा.

मी आयतन निवडते, घेरावरून काढलेलं. कारण डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट ज्या मर्यादा वापरतात त्या याच भाषेत आहेत: दोन बाजूंच्या घेरात २ सेंटीमीटर फरक, किंवा आयतनात २०० मिली फरक, किंवा १० टक्के फरक. सुरुवातीचीच सूज पकडायची असेल तर लोक ५ टक्क्यांपर्यंत खाली येतात. आता ५ टक्के बदल पकडायचाय तर तुमच्या उपकरणाची स्वतःची चूक २ टक्क्यांच्या आसपास हवी, हे आधी कागदावर आलं पाहिजे.

वाक्य असं होऊ दे: "तळव्यापासून १० सेंमी ते ३४ सेंमी उंचीपर्यंतच्या पायाचं आयतन, एका आरोग्यसेविकेने, पाच मिनिटांत, बॅटरीवर, आणि दोन वेगळ्या माणसांनी मोजलं तरी ५० मिलीच्या आत फरक." ५० मिली का, तर साधारण सव्वादोन लिटर आयतनाचे ते २ टक्क्यांच्या जरा वर होतात. पाऊल यात नाही, मांडी नाही, बोटं नाहीत. काय मोजणार नाही हे सुद्धा लिहा, नाहीतर व्हायव्हाच्या आदल्या दिवशी गाईड विचारतील आणि तुम्ही घाईत पाऊल पण जोडाल.

आणखी एक गोष्ट इथेच ठरवायची. चांगल्या पायाशी तुलना करणार का? हत्तीरोगात दोन्ही पाय सुजलेले असू शकतात, मग तुलनेला चांगला पाय कुठून आणणार. हातांचं म्हणाल तर ज्या हाताने काम करतो तो मुळातच थोडा जाड असतो. म्हणून मुख्य आकडा म्हणजे त्याच पायाचा आधीचा आकडा, दुसरा पाय फक्त सोबतीला.

टप्पा २: परवानगीचे कागद आत्ताच हलवा

हा टप्पा सगळे शेवटी ठेवतात आणि तिथेच वर्ष जातं. पेशंटवर, किंवा मित्रांवर सुद्धा, मोजमाप करून ते निकाल म्हणून छापायचे असतील तर एथिक्स कमिटीची मंजुरी आधी लागते, नंतर मागून मिळत नाही. कमिटी तुमच्या सोयीने बसत नाही. म्हणून टेपची तयारी चालू असतानाच प्रोटोकॉल आणि मराठीतलं संमतीपत्र लिहायला घ्या. संमतीपत्र मोठ्याने वाचून बघा, पेशंटला ते वाचूनच दाखवावं लागणार आहे.

पुढे जाऊन विकायचा विचार असेल तर हे लक्षात असू द्या. भारतात मेडिकल डिव्हाइस रूल्स, २०१७ लागू आहेत, धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत. ए वर्गातल्या काही साध्या वस्तूंना लायसन्समधून सूट आहे पण ती निर्जंतुक नसलेल्या आणि "न मोजणाऱ्या" वस्तूंना. आपली वस्तू मोजणारीच आहे, त्यामुळे "साधी टेप तर आहे, लायसन्स कशाला" हे गृहीत धरू नका. चाचणीपुरते थोडे नग बनवायला एमडी-१२ फॉर्मने अर्ज करतात आणि एमडी-१३ मध्ये परवाना मिळतो. कॉलेजमध्ये याची माहिती असणारा माणूस आत्ताच शोधा.

टप्पा ३: पंधरा दिवस फक्त साध्या टेपने मोजा

पोरं हा टप्पा टाळतात. माझ्या मते अर्धं उपकरण इथेच तयार होतं.

सामान: शिंप्याकडे असते ती फायबरग्लासची टेप (कापडी नको, ती ताणली जाते), त्वचेवर लिहायचा पेन, स्पिरिट, कापूस, सुताराचा गुण्या, आणि एल आकाराची प्लायवूडची पाटी जिच्या उभ्या फळीवर सेंटीमीटरची पट्टी चिकटवलीय. पाय आडव्या फळीवर, टाच उभ्या फळीला टेकलेली.

क्रम असा ठेवा आणि कागदावर छापून भिंतीला लावा:

१. वेळ ठरवा. सकाळी तर रोज सकाळीच. दिवसभर उभं राहिल्यावर पाय भरतो, उन्हाळ्यात जास्त.
२. मोजे, पैंजण, बँडेज काढा आणि किती वाजता काढलं ते लिहा. बँडेज काढून पाच मिनिटं झालेला पाय आणि दोन तास झालेला पाय एक नाही.
३. पाय आडवा ठेवून १० मिनिटं विश्रांती.
४. बसवा, गुडघा काटकोनात, पाऊल पाटीवर सपाट, वजन दोन्ही पायांवर सारखं. पोटरी ढिली. "पाय सैल सोडा" म्हटलं की बरेचजण उलट आवळतात, हाताने हलवून बघा.
५. गुण्या फळीला लावून १०, १४, १८, २२, २६, ३०, ३४ सेंमीवर खूण करा.
६. टेप खुणेच्या वर ठेवायची की खाली की मधोमध, हे एकदाच ठरवा. मी टेपची खालची कड खुणेला लावते.
७. खालून वर मोजत जा, सगळी सात झाली की परत पहिल्यापासून, असं तीनदा. एकाच जागी सलग तीनदा मोजू नका, पहिला आकडा डोक्यात राहतो आणि हात आपोआप तोच आणतो.
८. आकडा मोजणाऱ्याने बोलायचा, लिहायचा दुसऱ्याने.

मोजून झालं की हिशोब. दोन शेजारच्या घेरांमधला तुकडा म्हणजे टोक कापलेला शंकू. त्याचं आयतन:

उंची × (पहिला घेर × पहिला घेर + पहिला घेर × दुसरा घेर + दुसरा घेर × दुसरा घेर) ÷ ३७.७

सगळं सेंटीमीटरमध्ये, उत्तर मिलीमध्ये. ३७.७ म्हणजे १२ गुणिले ३.१४१६. समजा सात घेर आले २६, २८, ३१, ३५, ३८, ३९, ३८. सहा तुकडे, प्रत्येकी उंची ४. बेरीज साधारण २२२४ मिली. आता तोच पाय, पण टेप सगळीकडे फक्त अर्धा सेंटीमीटर ढिली धरली, की बेरीज येते २२८९ च्या आसपास. म्हणजे ६५ मिलीची "सूज" नुसत्या ढिल्या हाताने. पाय तोच, माणूस तोच, आणि तुम्ही ठरवलेली ५० मिलीची मर्यादा गेली. हा हिशोब प्रत्येकाने स्वतः एकदा वहीत करावा असं मला मनापासून वाटतं, मग सेन्सरच्या रिझोल्यूशनवरून (तो किती बारीक फरक दाखवतो यावरून) वाद होत नाहीत.

एका तपासणी शिबिरात एका आजींचा पाय मोजत होते. घोट्याच्या वर त्वचेची खोल घडी होती, टेप दर वेळी त्या घडीत घसरायची आणि घेर दोन-अडीच सेंटीमीटरने कमी यायचा, आणि वर आजी म्हणाल्या, "बाई, तिथं आत पाणी राहतं, तिथंच जखम होते." तेव्हा आमच्या फॉर्ममध्ये घडीसाठी जागाच नव्हती. आता आहे: खूण घडीवर आली तर टेप घडीच्या बाहेरून, आत न दाबता, आणि फॉर्मवर "घडी" अशी टिक. पुढच्या वेळी तसंच मोजायचं. आणि घडीत, बोटांच्या मध्ये जखम किंवा ओल दिसली तर ती आधी सिस्टरला दाखवायची, टेप नंतर.

तपासा: पंधरा दिवसांनी तुमच्या ग्रुपमधल्या दोघांनी एकमेकांचे आकडे न बघता एकच पाय मोजा. फरक ठरवलेल्या ५० मिलीच्या आत येत नसेल तर पुढे जाऊ नका, फॉर्म आणि क्रम सुधारा. साध्या टेपने जमत नसेल तर सेन्सरच्या टेपनेही जमणार नाही.

टप्पा ४: पद्धत निवडा, आवडता सेन्सर नाही

स्ट्रेच सेन्सर, म्हणजे कार्बनवाला रबर. स्वस्त, दिसायला छान. पण ताणून सोडला की लगेच मूळ जागी येत नाही, धरून ठेवला तरी रेझिस्टन्स सरकत राहतो, आणि तापमानाने बदलतो. सूज वाढतेय-कमी होतेय एवढा ढोबळ अंदाज घ्यायला ठीक. मिलीमीटरमध्ये घेर सांगायला नको.

लेझरचे छोटे अंतर मोजणारे सेन्सर गोल रिंगमध्ये लावून त्रिज्या काढायची, ही आयडिया दरवर्षी कोणीतरी आणतं. हिशोब करा: घेर २५ सेंमी म्हणजे त्रिज्या जेमतेम ४ सेंमी. त्रिज्येत १ मिलीमीटर चुकला तर आयतन ५ टक्के चुकलं. त्या स्वस्त सेन्सरची चूक काही मिलीमीटर असते. विषय संपला.

इन्फ्रारेड चौकटीचं तयार मशीन असतं, पेरोमीटर म्हणतात, उत्तम चालतं पण पिशवीत मावत नाही. विजेचा बारीक करंट सोडून आतलं पाणी मोजायची पद्धत पण आहे, लवकरची सूज पकडायला चांगली, पण माणसाच्या अंगातून करंट सोडणारं सर्किट हे पहिल्या प्रोजेक्टला घेऊ नका, पेसमेकरवाला माणूस समोर आला तर काय कराल.

राहिली टेप. ठरलेल्या ताणाची, आपोआप वाचणारी टेप, सोबत ती एल आकाराची पाटी. साधी आहे, आणि तिची प्रत्येक चूक तुम्हाला हाताने सापडते.

टप्पा ५: ताण, रुंदी, जाडी, रोलर

इथे घाई नको. चार गोष्टी, चारही एकमेकींना धरून.

ताण. टेप किती जोरात ओढायची? पहिला प्रोटोटाइप विना-इलेक्ट्रॉनिक्स बनवा: टेपच्या टोकाला १०० ग्रॅमचं वजन लटकवा, बास. म्हणजे साधारण १ न्यूटन. आता त्वचेवर दाब किती पडतो ते काढा: ताण ÷ (रुंदी × त्रिज्या). १ न्यूटन, टेप १ सेंमी रुंद, त्रिज्या ४ सेंमी, तर दाब २५०० पास्कल, म्हणजे पाऱ्याचे जवळजवळ १९ मिलीमीटर. हलक्या कॉम्प्रेशन सॉक्सचा दाब साधारण एवढाच असतो! मोजता मोजता तुम्ही सूज दाबून बाजूला ढकलताय. मऊ, खड्डा पडणाऱ्या पायात हे लगेच दिसतं, टेप धरून ठेवली की आकडा हळूहळू उतरत जातो.

रुंदी. दुप्पट रुंद टेप घेतली की दाब अर्धा. पण पाय शंकूसारखा, घोट्याकडे निमुळता, त्यावर रुंद टेप एका कडेवर चढते आणि दुसरी कड हवेत राहते. मी १ ते दीड सेंमीच्या मध्ये थांबते.

घर्षण. हे जवळजवळ सगळेच विसरतात. टेप पायाभोवती पूर्ण फेरा मारते, त्वचेशी घासते, त्यामुळे लोड सेलजवळचा (म्हणजे ताण मोजणाऱ्या सेन्सरजवळचा) ताण आणि पायाच्या मागच्या बाजूचा ताण सारखा नसतो. घर्षणांक ०.३ धरला आणि एक पूर्ण फेरा, तर दोन टोकांच्या ताणात साडेसहा पट फरक पडू शकतो. घामट पायावर अजून जास्त. उपाय: गुळगुळीत टेप, पाय पुसून कोरडा, आणि ताण आल्यावर टेप हलकेच डावी-उजवीकडे एकदा सरकवून बसू द्या, मग वाचा. ही हालचाल पण क्रमात लिहा.

जाडी आणि रोलर. टेपची जाडी ०.४ मिलीमीटर असेल तर घेर १.३ मिलीमीटर जास्त दिसतो, कारण टेपच्या मधल्या थराची लांबी मोजली जाते. ही चूक दर वेळी सारखी असते, वजा करून टाका. खरी अडचण दुसरी. बरेचजण टेप ज्या रिळावर गुंडाळतात त्याच रिळाचे फेरे मोजतात. पण रिळावर थर वाढला की व्यास वाढतो, आणि प्रत्येक फेऱ्याची लांबी बदलते. म्हणून रीळ वेगळं आणि मोजायचा रोलर वेगळा. टेप रोलरवरून दाबून जाते, रोलरचा व्यास कायम. २० मिलीमीटरचा रोलर असेल तर एक फेरा ६२.८ मिलीमीटर.

थांबा: मीटर-टेपच्या आतली नेहमीची स्प्रिंग जितकी ओढाल तितकी जास्त खेचते. जाड पायाला जास्त ताण, बारीक पायाला कमी. सुजलेला पाय आपोआप बारीक दिसणार, म्हणजे जिथे चूक परवडत नाही नेमकी तिथेच चूक. कायम बलाची स्प्रिंग घ्या, नाहीतर लोड सेल लावून ठरलेल्या ताणालाच आकडा पकडा.

टप्पा ६: सर्किट आणि कोड

हे आता सोपं आहे, पटकन सांगते.

रोलरवर एएस५६०० हा मॅग्नेटवाला कोन मोजणारा सेन्सर लावा. एका फेऱ्याचे ४०९६ भाग, २० मिलीमीटरच्या रोलरवर एक भाग म्हणजे ०.०१५ मिलीमीटर. आनंद होतो, पण ते रिझोल्यूशन आहे, अचूकता नाही, रिपोर्टमध्ये "आमचं उपकरण ०.०१५ मिलीमीटर अचूक" असं लिहू नका. मॅग्नेट व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेलाच लागतो. दुकानात मिळणारा नेहमीचा गोल मॅग्नेट वर-खाली ध्रुवांचा असतो, तो चालत नाही, आणि पोरं आठवडाभर कोड शोधत बसतात. फेरे कोडमध्येच मोजायचे असतात. लूप हळू चालला आणि टेप झटकन ओढली तर एक फेरा हुकतो आणि घेरात एकदम ६३ मिलीमीटर गायब.

ताणासाठी लोड सेल आणि त्याचा बारीक सिग्नल वाचणारी एचएक्स७११ चिप. लोड सेल ५ किलोचा नको, आपल्याला १०० ग्रॅम बघायचेत, अर्धा किंवा एक किलोचा घ्या. एचएक्स७११ मोड्यूल बहुधा सेकंदाला १० रीडिंगवर सेट असतं, ८० वर करा. प्रत्येक पेशंटआधी शून्य करा.

कोडचं काम एवढंच: ताण ठरलेल्या मर्यादेत आला की घड्याळ सुरू, बरोबर तिसऱ्या सेकंदाला घेर पकडायचा, बीप वाजवायचा. दर वेळी तिसरा सेकंद, कारण मऊ पाय धरून ठेवला की उतरत जातो. तीनदा मोजलेल्या घेरांचं मधलं मूल्य घ्या, तिन्हींत ३ मिलीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर "परत मोजा". कच्चे आकडे सगळे साठवा, फक्त शेवटचं आयतन नको. नाव-फोन उपकरणात नको, कोड नंबर पुरे.

थांबा: उपकरण बॅटरीवरच चालवा. चार्जिंगची वायर लावलेली असताना पेशंटच्या पायाला टेप लावायची नाही. शक्यतो वायर लावली की मोजमाप बंदच होईल असं करा.

टप्पा ७: आधी पाईप, मग फोम

हार्डवेअरच्या दुकानात ६३, ७५, ९०, ११० आणि १६० मिलीमीटर बाहेरच्या व्यासाचे पीव्हीसी पाईप मिळतात. फूट-फूट तुकडे आणा, व्हर्निअरने प्रत्येकाचा व्यास तीन दिशांनी मोजा (पाईप नेहमी पूर्ण गोल नसतो). ७५ चा घेर २३५.६, ९० चा २८२.७, ११० चा ३४५.६ मिलीमीटर यायला हवा. प्रत्येक पाईप दहादा, काढून-लावून.

आता चूक वाचायला शिका. सगळ्या पाईपवर सारखाच जास्तीचा आकडा असेल तर टेपची जाडी किंवा शून्य चुकलंय. पाईप मोठा तसतशी चूक वाढत असेल तर रोलरचा व्यास कोडमध्ये चुकलाय. कधी बरोबर कधी चूक असं असेल तर टेप रोलरवर घसरतेय. एकदम ६३ मिलीमीटरने कमी असेल तर फेरा हुकलाय, वर सांगितलंच. तिसऱ्याच दिवशी तेच पाईप परत मोजा.

मग त्याच पाईपला गादीचा मऊ फोम गुंडाळा आणि ५०, १००, २०० ग्रॅम ताणाला मोजा. कडक पाईपवर ताण बदलला तरी आकडा हलत नाही, फोमवर हलतो. किती हलतो ते लिहून ठेवा, पेशंटच्या पायावर तेच होणार आहे.

टप्पा ८: पाण्याशी तुलना

आयतनाची खरी कसोटी पाणी. अ‍ॅक्रिलिकची उंच टाकी, वरच्या बाजूला तोटी, तोटीपासून तळापर्यंत बरोबर ३४ सेंमी. तोटीतून पाणी बाहेर पडून थेंब थांबेपर्यंत भरा, कोमट पाणी, मग पाय हळूहळू सोडा, सांडलेलं पाणी भांड्यात घेऊन १ ग्रॅमच्या काट्यावर तोला. एक ग्रॅम म्हणजे एक मिली, एवढ्या कामाला पुरे. पाय आत गेल्यावर पण थेंब थांबेपर्यंत थांबा, हलू देऊ नका.

चूक इथे होते: पाण्यात पाऊल पण बुडतं, टेपने पाऊल मोजलेलंच नाही. मग अख्ख्या पावलाइतका फरक येतो आणि पोरं फॉर्म्युल्याला दोष देतात. दोनदा बुडवा. एकदा सरळ तळावर, दुसऱ्यांदा तळाशी २४ सेंमी उंचीचा जड ठोकळा आधीच ठेवून, पाणी परत तोटीपर्यंत भरून, म्हणजे पाय फक्त १० सेंमी बुडेल. दोन्हींची वजाबाकी म्हणजे नेमका १० ते ३४ सेंमीचा भाग, जो तुमच्या टेपने मोजलाय.

थांबा: जखम, चिखल्या, पाझरणारी त्वचा असेल तर तो पाय पाण्यात नाही. प्रत्येक माणसाला पाणी नवीन, टाकी धुऊन. टेप पण प्रत्येक पेशंटनंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसून वाळवायची, उघड्या जखमेवर टेप लावायचीच नाही.

टप्पा ९: माणसांवर, आणि आकड्यांचा प्रामाणिकपणा

मंजुरी हातात आली का? मगच. आधी निरोगी पाय, मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुजलेले.

दोन मोजणारे घ्या, एकमेकांचे आकडे दिसायला नकोत. आणि सगळ्यात महत्त्वाचं: पहिल्याने केलेल्या पेनाच्या खुणा दुसरा येण्याआधी स्पिरिटने पूर्ण पुसा. खुणा राहिल्या तर दुसरा त्याच जागी टेप लावणार आणि दोघांचे आकडे सुंदर जुळणार. प्रत्यक्षात पुढच्या महिन्यात पायावर खुणा नसतात. हे एकच काम न केल्यामुळे सगळं काम फुकट गेलेले रिपोर्ट मी वाचलेत आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण मेहनत खरी असते.

निकाल देताना "पाण्याशी कोरिलेशन (सहसंबंध) ०.९८" असं लिहून थांबू नका. बारीक आणि जाड पाय एकत्र घेतले की कोरिलेशन चांगलंच येतं, उपकरण कायम १०० मिली जास्त दाखवत असलं तरी. ब्लँड-ऑल्टमनचा आलेख काढा: आडव्या अक्षावर दोन पद्धतींची सरासरी, उभ्यावर फरक. फरकांची सरासरी म्हणजे कायमची चूक, आणि तिच्या दोन्ही बाजूंना १.९६ गुणिले फरकांचं प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन). जाड पायांकडे ठिपके वर किंवा खाली सरकत असतील तर परत टप्पा ५, ताण बघा.

मग पेशंटच्या कामाचा आकडा. तोच पाय दोनदा मोजल्यावर येणाऱ्या फरकांचं प्रमाण विचलन समजा २० मिली आलं. १.९६ ने गुणलं की ३९. म्हणजे ३९ मिलीपेक्षा कमी बदल झाला तर पाय उतरला की उपकरण हललं हे सांगता येत नाही. आणि आपण ५० ठरवले होते, म्हणजे जमलं. हा आकडा स्क्रीनवरच दिसू द्या. बदल ३० मिली असेल तर स्क्रीनने "फरक नाही" म्हणावं. नाहीतर पंधरा दिवस नेमाने पाय धुऊन, व्यायाम करून, बँडेज बांधून आलेल्या बाईला आपण खोटंच "वाढलं" सांगू, आणि ती बँडेज सोडून देईल.

टप्पा १०: उपकरण दुसऱ्याच्या हातात द्या आणि गप्प बसा

ज्याने ते बनवलेलं नाही अशा माणसाला द्या. आशाताई, एएनएम (आरोग्यसेविका), फिजिओचा विद्यार्थी. सोबत फक्त एक पानाचं मराठी पत्रक. तुम्ही कोपऱ्यात वही घेऊन बसायचं, बोलायचं नाही, मदत करायची नाही. टेप उलटी लावली, शून्य करायचं विसरल्या, बीप पंख्याच्या आवाजात ऐकू आला नाही, पाटी ओसरीवर डगमगली, पेशंट बाईंना लुगडं वर धरायला आडोसा नव्हता, हे सगळं लिहा. प्रत्येक अडचणीला उपकरणात किंवा पाटीत बदल करा, पत्रकात "कृपया लक्ष द्या" अशी अजून एक ओळ वाढवू नका. मग नवीन माणूस शोधा आणि परत कोपऱ्यात बसा. सलग तीन नवीन माणसांनी तुम्हाला एकही प्रश्न न विचारता पाच मिनिटांत सातही घेर घेतले, आणि त्यांचं आयतन तुमच्या आयतनापासून ५० मिलीच्या आत आलं, की डबा ३डी प्रिंट करायला टाका.